मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

नाताळच्या सुट्टीनंतर एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक कोडें घातलें. त्याचा वडील बंधु लंडनहून घरीं येऊन परत गेला होता. येतांना तो तेथून रात्रीं ९ वाजतां निघाला व दुसऱ्या दिवशीं सकाळीं ११॥ वाजतां मुंबईस पोंचला. जातांना मात्र दुपारीं २ वाजतां निघून त्याच सायंकाळीं ६॥ वाजतां तो लंडनला उतरला. "सर, येण्यास साडेचौदा तास आणि जाण्यास साडेचारच! हें कसें?" असा त्याचा प्रश्न होता.

उत्तर घड्याळांत आहे. हिंवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या मागें साडेपांच तास चालतें. तेवढे तास एकीकडे मिळविले व दुसरीकडे वजा केले, म्हणजे जाण्यास १० व येण्यास ९ तास लागले असें दिसून येतें. मग हा एक तासाचा फरक कां? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते येणाऱ्या विमानास पुढें ढकलतात व जाणाऱ्यास अडवितात.

आतां अंतर पाहूं. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवूं नये. पृथ्वीचा गोल घेऊन दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणावा. तो कराची, इराण, काकेशस व युक्रेन यांवरून जातो. हा सर्वांत जवळचा मार्ग होय, व तो सुमारें ७,२०० किलोमीटर भरतो. ताशीं ९०० किलोमीटर वेगानें तो ८ तासांत संपावयास हवा.

परंतु विमानास दोऱ्यावरून जातां येत नाहीं. चढतांना व उतरतांना त्याचा वेग कमी असतो, हें एक कारण. दुसरें कारण माणसांनीं निर्माण केलेलें आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्धामुळें युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें; एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें. असें झालें म्हणजे विमानास वळसा घ्यावा लागतो, इंधन अधिक जळतें, आणि घरीं वाट पाहणाऱ्या आईबापांचा वेळहि वाढतो.

तरीहि पूर्वीची स्थिति विसरूं नये. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत १० जून रोजीं लंडनला पोंचलें. आज हाच प्रवास एका दिवसाच्या आंत होतो.

मुलांनीं घरीं गोल व दोरा घेऊन हा प्रयोग अवश्य करावा, व आईबापांसहि दाखवावा. मग त्यांच्या ध्यानांत येईल कीं, दोन शहरांमधील अंतर पृथ्वीनें एकदांच ठरवून ठेविलें आहे. वेळ मात्र वारा ठरवितो, यंत्र ठरवितें, आणि शेजाऱ्यांचें एकमेकांशीं असलेलें वर्तनहि ठरवितें.