शाळेच्या परसबागेतील केळ : मुनव्याची निवड

भोरहून वरंधा घाट उतरले की महाडचा मुलूख लागतो. तेथून पुढे कोकणपट्टीत न्हाणीच्या पाण्यावर परसात केळ जोपासण्याची जुनी रीत आहे. उत्रोली परिसरातील शाळांतही भोजनापूर्वी हात धुतलेले पाणी वाया जाते. त्यावर चार केळी सहज पोसतील.

केळीस आपण झाड म्हणतो, परंतु तिचा खुंट हे खरे खोड नव्हे. पानांची सोपटे एकात एक घट्ट बसून तो बनतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. एक खुंट एकदाच घड देतो व मरतो. लागवडीच्या केळीस रुजणारे बी नसते. तिचा वंश कंदास फुटणाऱ्या मुनव्यांवर चालतो.

मी तरुण शिक्षक असताना मुलांकडून रुंद पानांचा टवटवीत मुनवा लावविला. वर्षभर मुलांनी पाणी घातले. घड मात्र अगदीच हलका आला. मुले हिरमुसली. तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, पान रुंद त्याचा कंद पोकळ. तलवारीच्या पात्यावाणी पानाचा घ्यावा."

त्यांचे म्हणणे शास्त्रास धरून होते. अरुंद पानांचा मुनवा मातृकंदाशी घट्ट जोडलेला असून त्याच्याकडून पोषण घेतो. म्हणून त्याचा कंद भरतो. रुंद पानांच्या मुनव्याचा हा जोड दुबळा असतो. त्यास लवकरच स्वतःच्या पानांवर जगावे लागते व कंद लहान राहतो.

लागवडीस सुमारे तीन महिन्यांचा, अर्धा ते पाऊण किलो कंदाचा, निरोगी मुनवा घ्यावा. आपल्याकडे पाऊस फार. म्हणून पाणी न साचणारी उंचवट्याची जागा निवडावी, अन्यथा कंद कुजतो. केळफूल येईपर्यंत नवे मुनवे कापीत जावे. नंतर एकच जोमदार मुनवा राखावा. घड उतरविल्यावर खुंट लगेच मुळापासून तोडू नये. त्यातील अन्नरस राखलेल्या मुनव्यास मिळतो.

न्यू गिनीतील कुक येथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या केळीलागवडीच्या खुणा सापडल्या असून २००८ साली ते स्थळ जागतिक वारसा ठरले. मुनव्याची ही पारख शेतकऱ्याच्या हातूनच पुढे आली आहे. म्हणून लागवडीच्या दिवशी गावातील एखाद्या जाणत्या आजी-आजोबांस शाळेत बोलवावे, मुनवा त्यांच्याकडून निवडवून घ्यावा आणि तोच का निवडला, हे मुलांनी त्यांना विचारावे. त्या दिवसाचा विज्ञानाचा पाठ तोच होय.