तेलकट केस : वार नव्हे, डोके पाहून न्हा

आठवी-नववीत शिकणारी मुलगी रविवारी न्हाते. सोमवारी केस छान मोकळे असतात. मंगळवारी कपाळाजवळचे केस ओलसर दिसू लागतात आणि बुधवारी वेणी पार चिप्प होते. वर्गात कुणीतरी बोलतेच, "अगं, आंघोळ करतेस की नाही?" घरी सांगावे तर आई म्हणते, "रविवारीच तर न्हालीस. सारखे सारखे डोक्यावरून पाणी घेतले की केस गळतात." मुलगी गप्प बसते. पुढे ती मागच्या बाकावर बसू लागते, फोटो काढायचा म्हटला की तोंड फिरवते.

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण 'घाणेरडी' हा शब्द कोवळ्या वयात कानावर पडला की तो सहज पुसला जात नाही. शिवाय या शब्दात मुळीच तथ्य नसते. म्हणून भगिनींनो, तेलकट केसांकडे आज जरा शास्त्राच्या नजरेने पाहू या.

हे तेल येते कुठून?

आपल्या डोक्याच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक ग्रंथी असते. तिला तैलग्रंथी म्हणतात. तिच्यातून एक स्निग्ध पदार्थ सतत पाझरत असतो. त्यामुळे त्वचा मऊ राहते, भेगाळत नाही आणि केसांना तकाकी येते. तळहात आणि तळपाय सोडले तर या ग्रंथी जवळजवळ सर्व अंगावर असतात, पण सर्वात जास्त असतात त्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर.

मुले-मुली वयात येऊ लागली की शरीरातील काही संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, वाढतात. त्यांच्या हुकमाने या ग्रंथी जोरात काम करू लागतात. म्हणूनच ज्या वयात तोंडावर मुरुमे येतात त्याच वयात केसही तेलकट होतात. ऐन तारुण्यात हे प्रमाण सर्वात जास्त असते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या डोक्याचे तेल कमी होते. पुरुषांचे मात्र बरीच वर्षे टिकते.

केसांच्या घडणीचाही यात वाटा आहे. सरळ आणि बारीक केसांवरून तेल भराभर खाली उतरते, त्यामुळे ते दुसऱ्याच दिवशी चिकट दिसतात. कुरळ्या केसांवर ते मुळाशीच अडून राहते, त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके कोरडी असा प्रकार होतो. शिवणाच्या कारखान्यात, चुलीपुढे, उन्हातान्हात काम करणाऱ्यांच्या डोक्यावर घाम आणि धूळ यांची भर पडते. गाडीवर हेल्मेट घालणाऱ्या भावांचीही हीच तक्रार असते.

एवढे ध्यानात घेतले की एक गोष्ट स्पष्ट होते. चाळिशीतल्या आईचे डोके आणि चौदा वर्षांच्या लेकीचे डोके एक नव्हे. आईला आठवड्यातून एकदा न्हाणे पुरते, म्हणून लेकीलाही पुरलेच पाहिजे असा नियम लावणे हा लेकीवर अन्याय आहे.

वारंवार धुतल्याने तेल वाढते का?

ही समजूत फार पसरलेली आहे. "जितके धुवाल तितके तेल सुटेल" असे शिकली-सवरलेली माणसेही सांगतात. परंतु तैलग्रंथीला हुकूम मिळतो तो रक्तातील संप्रेरकांकडून. वर आपण किती वेळा पाणी ओतले हे तिला समजत नाही. २०२१ साली आशियाई लोकांच्या केसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा डोके धुणाऱ्यांची टाळू व केस उत्तम राहिले आणि जास्त धुतल्याने काही अपाय झालेला आढळला नाही. मात्र तो अभ्यास शॅम्पू विकणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केला होता, हेही ध्यानात ठेवावे. सर्वांनी रोज डोके धुवावे असा त्याचा अर्थ नाही. ज्याला गरज आहे त्याने भिऊ नये, एवढाच अर्थ घ्यावा.

केस गळण्याच्या भीतीचेही तसेच आहे. दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निसर्गाचे काम आहे. आठ दिवसांनी न्हाणाऱ्या बाईचे सैल झालेले केस वेणीत अडकून राहतात आणि न्हाताना एकदम हातात येतात. मोरीत त्यांचा गुंता पाहून ती घाबरते आणि पुढचे न्हाणे आणखी लांबवते. केस गेले ते पाण्यामुळे नव्हे. ते आधीच सुटलेले होते.

वारांची अडचण

कुठे सोमवारी न्हायचे नाही, कुठे गुरुवारी, कुठे शनिवारी. भाऊ असलेल्या बहिणीला एक वार वर्ज्य, लग्न झालेलीला दुसरा. त्यात अमावस्या आली की तीही सोडायची. गावागणिक ही यादी बदलते, यावरूनच तिच्यात किती अर्थ आहे ते समजावे. पाळीच्या दिवसांत डोक्यावरून पाणी घेऊ नये, असेही अनेक घरांत सांगतात. त्यालाही वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. उलट पाळीच्या आगेमागे पुष्कळ मुलींची त्वचा अधिक तेलकट होते आणि नेमके तेव्हाच डोके धुण्याची गरज असते. वाराचा हिशेब कॅलेंडरला ठाऊक असतो, टाळूला नव्हे.

आपला दिवस कसा ओळखावा?

यासाठी एक सोपी, बिनखर्ची परीक्षा आहे. एकदा डोके स्वच्छ धुवा आणि पुढचे काही दिवस वरून तेल लावू नका. रोज संध्याकाळी भांग पाडून पतंगाच्या कागदासारखा पातळ कागदाचा तुकडा टाळूवर क्षणभर दाबा. मात्र कागद रंगीत नको, पांढराच हवा. ज्या दिवशी कागदावर पारदर्शक तेलकट डाग स्पष्ट उमटेल, त्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी न्हायचे. दोन-तीन वेळा असे पाहिले की आपला क्रम आपल्याला कळतो.

साधारणपणे असे दिसून येईल. फार तेलकट टाळूच्या तरुण मुलामुलींना एक दिवसाआड, उन्हाळ्यात कदाचित रोजही, न्हावे लागेल. मध्यम तेलकट असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. कोरड्या किंवा दाट कुरळ्या केसांना आठवड्यातून एकदा पुष्कळ झाले. घरातल्या चौघांचे चार क्रम निघाले तर त्यात वावगे काही नाही.

काय वापरावे?

महाग बाटलीची गरज नाही. दुकानात मिळणारी एक-दोन रुपयांची पुडी खांद्यापर्यंतच्या केसांना पुरते. घेताना एवढे पाहावे की 'मऊ-रेशमी' करण्याचे वचन देणाऱ्या दाट, दुधाळ शॅम्पूत केसांवर थर देणारे पदार्थ जास्त असतात. तेलकट केसांना साधा, पातळसर शॅम्पू बरा.

शिकेकाई आणि रिठा हे आपल्याकडचे जुने आणि चांगले उपाय. दोहोंत फेस आणणारे नैसर्गिक घटक आहेत. मात्र कोरडी पूड तशीच डोक्यावर चोळली तर तिचा चोथा केसांत राहतो. शेंगा रात्री भिजत घालाव्यात, सकाळी उकळून पाणी फडक्याने गाळून घ्यावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, तेव्हा लहान मुलांना जपून. डोक्यावर तेल थबथबलेले असेल तर एकट्या शिकेकाईने ते निघत नाही, हेही खरे.

अंगाचा साबण डोक्याला लावू नये. 'शिकेकाई' असे नाव छापलेली वडी असली तरी ती साबणाचीच असते. साबण क्षारधर्मी असल्याने केस राठ होतात. कपड्यांची पावडर आणि खाण्याचा सोडा तर डोक्याजवळ आणूच नयेत.

जिथे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी आहे, तिथल्या भगिनींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून एक चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर दिसतो तोच हा साका. पुष्कळ जणी त्याला तेल समजतात आणि आणखी साबण लावतात, म्हणजे साका आणखी वाढतो. अशा ठिकाणी साबण बंद करून शॅम्पू घ्यावा. तरीही चिकटपणा राहिला तर तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ते केसांवरून सोडावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे. लिंबाचा रस त्वचेवर राहू देऊन उन्हात जाऊ नये. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते.

कसे न्हावे?

'शॅम्पू' हा शब्द मुळात आपल्याच देशातला. दाबणे, मालिश करणे या अर्थाच्या हिंदी 'चांपो'वरून तो इंग्रजीत गेला. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे स्नानगृह काढून तो तिकडे प्रसिद्ध केला. तेव्हा खरे काम बोटांचे आहे, बाटलीचे नव्हे.

नळाला तासभरच पाणी येत असेल तरी नीट न्हाता येते. आधी कोरडे केस विंचरून गुंता काढावा. मग केस मुळापर्यंत पूर्ण भिजवावेत. अर्धवट भिजलेल्या केसांना शॅम्पू जास्त लागतो. पुडी थेट डोक्यावर न ओतता अर्ध्या मग पाण्यात कालवून टाळूवर सोडावी. बोटांच्या पेरांनी दोन मिनिटे टाळू चोळावी. नखे लावू नयेत. कानांच्या मागे आणि मानेवर विशेष लक्ष द्यावे, कारण तिथलेच धुवायचे राहून जाते. केसांची लांबी निराळी घासायला नको. खाली ओघळणाऱ्या फेसाने ती स्वच्छ होते. शेवटी केसांचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत पाणी घ्यावे. शॅम्पू राहिला तर केस पुन्हा चिकटच दिसतात. दुसऱ्यांदा फेस करण्याची गरज डोक्यावर भरपूर तेल असेल तेव्हाच. पाणी कोमट असावे, कढत नको.

न्हाणे झाल्यावर ओल्या केसांची वेणी घालू नये. फणी, कंगवा आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा धुवावा, नाहीतर कालचे तेल आज पुन्हा डोक्यावर येते. पाणीच आले नाही अशा दिवशी चिमूटभर आरारूट मुळांशी लावून पाच मिनिटांनी विंचरले तर वरचे तेल बरेच शोषले जाते. हा अडल्या वेळचा उपाय आहे, रोजचा नव्हे.

मग तेल लावायचेच नाही का?

लावायचे, पण जागा बदलून. खोबरेल तेल केसांच्या आत शिरते आणि धुताना होणारी केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ते संशोधनही तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, तरी त्याला नंतर इतरांकडूनही दुजोरा मिळाला आहे. ज्यांची टाळू मुळातच तेलकट आहे त्यांनी न्हाण्याआधी तास-दोन तास, कानांखालच्या केसांना आणि टोकांना थोडे तेल लावावे. टाळूवर थापून रात्रभर ठेवू नये. कोंडा असेल तर मुळीच नको, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते.

जाता जाता उवांविषयी. तेलकट केसांमुळे उवा होतात हा गैरसमज आहे. त्या डोक्याला डोके लागल्याने पसरतात आणि स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदाने राहतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

टाळू लाल होऊन पिवळट, चिकट खपल्या पडू लागल्या आणि त्या भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही दिसू लागल्या तर तो नुसता तेलकटपणा नव्हे. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. अशा वेळी बहुधा २ टक्के केटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवून, दोन ते चार आठवडे लावायला सांगतात. मुलीचे केस फार तेलकट असून पाळी महिनोनमहिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमे हटत नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर भेटावे. ही पीसीओडीची लक्षणे असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. लाजेने किंवा 'लग्न झाले की ठीक होईल' म्हणून ही गोष्ट लांबवू नये.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. लेक मधल्या वारी डोके धुवायला मागत असेल तर तिला नखरेल म्हणू नका. आठवड्याला दोन पुड्या आणि दोन बादल्या जास्तीचे पाणी एवढीच तिची मागणी आहे. पाणी भरायचे काम तिच्या एकटीवर न टाकता भावानेही एक बादली उचलावी. मान वर करून पहिल्या बाकावर बसायला मुलीला एवढ्याने बळ मिळत असेल, तर हा खर्च कोणत्याही घराला जड नाही.