जुन्या संगणकाला हार्ड डिस्क दिसेना. डेटा खरेच गेला का?

पनवेलमधील छपाईची दुकाने, गृहनिर्माण संस्थांची कार्यालये, कर सल्लागारांची टेबले येथे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक अजूनही कोपऱ्यात जपून ठेवलेला असतो. रोजचे काम लॅपटॉप आणि मोबाइलवर गेले, तरी सभासदांचे जुने हिशेब, लग्नपत्रिकांचे साचे, घरचे फोटो त्यातच राहिलेले असतात. पावसाळाभर बंद असलेला हा संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘डिस्क बूट फेल्युअर’ अशी ओळ येते आणि ‘हार्ड डिस्क उडाली’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. अनेकदा हा निकाल चुकीचा असतो. खरे नुकसान त्यानंतरच्या खटपटीत होते.

सर्वांत आधी काय करावे?

ऐकावे. संगणक सुरू होताना डिस्क हलकी घरघरते, तिच्या आवरणाला हात लावल्यास थोडा कंप जाणवतो. तसे असेल तर निदान मोटार फिरते आहे. ठरावीक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर मात्र संगणक लगेच बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. डिस्कच्या आत तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर डेटा वाचणारे हेड तरंगत असते. ते बिघडले असेल तर प्रत्येक फेरीत तबकडीवर ओरखडे उठू शकतात. जिथे ओरखडा उठला, तिथला डेटा कोणालाच परत आणता येत नाही.

आवाजच नसेल, तर दोष वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता आधी तपासावी.

‘दिसत नाही’ म्हणजे कोणाला दिसत नाही?

दुकानात संगणक नेण्यापूर्वी याचे उत्तर शोधले तर निम्मे काम होते. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबल्यावर (कंपनीनुसार बटण बदलते) बायोसचा पडदा उघडतो. तिथे डिस्कचे नाव किंवा मॉडेल क्रमांक दिसत असेल, तर डिस्क मदरबोर्डशी बोलते आहे. बिघाड विंडोजमध्ये, फाइलींच्या रचनेत किंवा एखाद्या सेटिंगमध्ये आहे. नाव तिथेही नसेल तर केबल, वीज, पोर्ट आणि शेवटी डिस्क, असा शोध घ्यावा लागतो.

यात पावसाळ्याचा काय संबंध?

कोकणातील दमट हवेत धातूच्या जोडांवर गंज चढतो. बंद संगणकात उष्णता नसते, त्यामुळे ओल टिकते. त्यात मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी जुनी झालेली असते. मूळची तीन व्होल्टची ही बॅटरी उतरली की तारीख मागे जाते आणि बायोसच्या सेटिंगही मूळ स्थितीत येतात. अशा वेळी साटा पोर्टची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर किंवा उलट बदलली गेल्यास विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होते. डिस्क ठणठणीत असते. संगणकाची तारीख अचानक दहा वर्षे मागे गेलेली दिसली, तर आधी ही बॅटरी बदलावी. ती शंभर रुपयांच्या आत मिळते.

पुराचे पाणी लागलेल्या डिस्कची गोष्ट वेगळी. गाढी नदीकाठच्या सखल भागाला हे नवीन नाही. अशी डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवून सुरू करू नये. गाळ तबकडीवर सुकला की काम अवघड होते. ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्यावी.

केबल आणि वीज कशी तपासावी?

मुख्य प्लग काढूनच डबा उघडावा आणि धातूच्या भागाला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. एवढ्यानेच डिस्क दिसू लागण्याचा प्रकार दुर्मीळ नाही. नाही दिसली तर केबल बदलावी, पोर्ट बदलावे, एसएमपीएसचा दुसरा कनेक्टर लावावा. जुन्या एसएमपीएसमधील कपॅसिटर सुकले की पंखे फिरतात, पण डिस्कच्या मोटारीला लागणारे १२ व्होल्ट पुरेसे मिळत नाहीत. मल्टिमीटरवर ११.४ पेक्षा कमी आकडा आला तर दोष तिथेच.

रुंद पट्टीची केबल असलेल्या आयडीई डिस्कच्या मागे छोटा जंपर असतो. एकाच पट्टीवर जोडलेली डिस्क आणि सीडी ड्राइव्ह हे दोघेही ‘मास्टर’ ठरले तर दोघांपैकी एकही दिसत नाही.

आणि काय टाळावे?

डिस्क यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून पाहणे हा चांगला मार्ग आहे. साडेतीन इंची डिस्कला मात्र अडॅप्टरसोबत स्वतंत्र वीज द्यावीच लागते. जोडल्यावर विंडोज ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ करू का, असे विचारेल. दोन्हींना नकार द्यावा. ‘चेकडिस्क’ही चालवू नये, कारण ते मरणासन्न डिस्कवर लिहायला लागते. आधी डेटा बाहेर काढावा, तोही महत्त्वाच्या फाइलींपासून. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. आत दव जमून ती कायमची निकामी होऊ शकते. तशाच मॉडेलची पाटी बसवण्याचा उपायही नव्या डिस्कवर सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची नोंद त्या पाटीवरील चिपमध्ये असते.

फाइल मिळाल्या, पण मराठी वाचता येत नसेल तर?

युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टवर झालेले असते. तो फॉन्ट नसेल तर नव्या संगणकावर पत्रिकेतील नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट सापडत नसतो. म्हणून जुनी डिस्क सुरू आहे तोवर विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही कॉपी करून घ्यावे आणि संगणकाच्या मागे लावलेली डोंगल काढून जपून ठेवावी. भंगारवाल्याकडे डबा जाताना ती हमखास त्यातच राहते.