प्रयोगशाळेतील केळीचे रोप आणि हरण्या रोग

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत, शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब बहुधा केळीच्या घडावर बसतो. पूर्वी येथे बसराई जातीचे कंद लावीत. जुन्या बागेतून मुनवे खणून काढावयाचे, त्यांच्या मुळ्या तासावयाच्या आणि ते नव्या शेतात लावावयाचे, अशी वहिवाट होती. कंदाबरोबर सूत्रकृमी, सोंडकिडे व रोगही नव्या बागेत येत. शिवाय लहानमोठे कंद एकत्र लागल्याने बाग मागेपुढे निसवत असे. १९९० नंतरच्या दशकात जळगाव येथील जैन उद्योगसमूहाने ऊतिसंवर्धनाने, म्हणजेच टिश्यू कल्चर पद्धतीने, तयार केलेली ग्रँड नैन जातीची रोपे शेतकऱ्यांपर्यंत आणली. दीड वर्ष घेणारे पीक अकरा-बारा महिन्यांत कापणीस येऊ लागले.

असे असता २०२० सालापासूनच्या काही पावसाळ्यांत यावल व रावेर तालुक्यांतील कोवळ्या बागांवर हरण्या रोग मोठ्या प्रमाणावर पडला. पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे उमटले, पाने अरुंद व वाकडी झाली, पोंग्याची पाने कुजली. कित्येकांस लावलेली रोपे उपटून टाकावी लागली. तेव्हा साहजिकच प्रश्न निघाला, की रोप काचेच्या बंद बरणीत वाढले असता त्यास रोग आला कोठून? याचे उत्तर समजण्यासाठी बरणीत काय घडते ते पाहणे अवश्य आहे.

चांगला घड देणाऱ्या निरोगी झाडाचा तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडतात. तो धुऊन, तासून, जंतुनाशक द्रावणात बुडवून, निर्जंतुक हवेच्या झोतात ठेवलेल्या मेजावर त्याचा अगदी आतील कोंब काढतात. या कोंबाच्या टोकाशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात. पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराची वीट होय. कोंबाच्या टोकाची एक पेशी सुमारे मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागाएवढी असते. नुसत्या डोळ्यांस ती दिसत नाही. परंतु पातळ काप करून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरल्यास पेशींची दाट मांडणी स्पष्ट दिसते. ज्यांनी शाळेत कांद्याचा पापुद्रा यंत्राखाली पाहिला असेल, त्यांस याची कल्पना येईल.

हा कोंब साखर, खनिज क्षार, जीवनसत्त्वे व वाढसंप्रेरके घातलेल्या अगारच्या खळीवर ठेवतात. मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेले क्षारांचे प्रमाण आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जाते. बरण्या व खाद्य १२१ अंश सेल्सिअस उष्णतेच्या वाफेत दाबाखाली निर्जंतुक करतात. कारण साखरेच्या त्या खाद्यावर बुरशीचा एक कण पडला तरी सारी बरणी वाया जाते. खोलीत सुमारे २५ अंश उष्णता व दिवसाचे सोळा तास प्रकाश ठेवला जातो. संप्रेरकांच्या प्रभावाने एका कोंबास अनेक फुटवे येतात. ते तीन-चार आठवड्यांनी सुटे करून नव्या बरण्यांत ठेवतात. असे फेर साधारण आठाहून अधिक करू नयेत, असा दंडक आहे. फेर वाढले की खुजी अथवा विचित्र पानांची रोपे निघू लागतात.

आता येथे थोडा हिशेब करावा. प्रत्येक फेरात एकाचे तीन कोंब झाले, तर आठ फेरांत एका कोंबाचे ६,५६१ होतात. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने हेक्टरी ४,४४४ रोपे बसतात. म्हणजे एका मुनव्यापासून जवळजवळ दीड हेक्टरची बाग उभी राहते. मुनवा उत्तम असेल तर उत्तमच. पण तो रोगी असेल तर? बरणीतील खाद्य गुण आणि रोग यांत निवड करीत नाही. दोहोंचीही वाढ ते सारख्याच इमानाने करते.

आणि हा रोग सूक्ष्मदर्शकाने ओळखता येत नाही. हरण्याचे कारण काकडीवर्गीय मोझॅकचा विषाणू आहे. साध्या सूक्ष्मदर्शकास मिलिमीटरच्या सुमारे पाचहजाराव्या भागाहून बारीक वस्तू वेगळी दाखविता येत नाही. हा विषाणू त्याहून सहा-सातपट बारीक आहे. त्याचे रूप पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी डेलियाच्या रोगी झाडांच्या अग्रकोंबापासून विषाणुमुक्त झाडे वाढविली, तेव्हापासून अग्रकोंब विषाणूंपासून सुरक्षित असतो असा समज रूढ झाला. केळीत मात्र हा विषाणू थेट कोंबाच्या टोकापर्यंत पोहोचतो. म्हणून कोंब बारीक काढला एवढ्यावर भागत नाही. मातृवृक्षाची परीक्षा करावीच लागते. एलायझा या परीक्षेत पानाच्या रसावर प्रतिद्रव्याची क्रिया करतात. विषाणू असल्यास द्रव पिवळा होतो. पीसीआर परीक्षा त्याहून सूक्ष्म आहे.

केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत सुरू केली. तिच्यात केळीच्या रोपांची चार विषाणूंसाठी तपासणी होते. रोपे घेताना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस त्या तुकडीचे प्रमाणपत्र व पक्की पावती मागण्यास सांगावे. नावाचा कागद नसलेली स्वस्त रोपे पुढे महाग पडतात, हे अनेकांनी अनुभवले आहे.

तथापि प्रमाणित रोप विषाणुमुक्त असते, विषाणुप्रतिकारक नसते, हा भेद पुष्कळदा विसरला जातो. प्रयोगशाळेतून आलेले कोवळे रोप मावा किडीस विशेष प्रिय असते. मावा रोगट पानावर काही क्षण सोंड टोचून उडाला, तरी पुढच्या झाडास रोग देऊ शकतो. म्हणून मृगबागेत किंवा तिच्या शेजारी काकडी, भोपळा, कलिंगड, मिरची, टोमॅटो लावू नयेत. बांधावरील केना काढावा; विषाणू त्यावर राहतो आणि केना स्वतः हिरवागार दिसतो. लागवडीनंतर पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा प्रत्येक ओळ फिरून पाहावी. पट्टे दिसलेले झाड कापून तेथेच टाकू नये. प्रथम त्यावर व भोवतालच्या झाडांवर मावा मारण्याचे औषध फवारावे, कारण हालविलेल्या झाडावरील पंखधारी मावा शेजारच्या झाडावर जातो. नंतर ते कंदासह उपटून बागेबाहेर खोल पुरावे अथवा जाळावे. रिकाम्या जागी नांगी भरताना शेजाऱ्याच्या बागेतील मुनवा न आणता त्याच तुकडीची राखून ठेवलेली रोपे लावावीत.