उकळी फुटली की गोळे फुटले

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सासूबाई कल्याणहून आमच्याकडे एश्बॉर्नला आल्या. व्हिसा नेहमीचा, ९० दिवसांचा. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि एकट्याने विमानप्रवास करायची त्यांची ही पहिलीच वेळ. दिवाळी इथेच होणार म्हणून बॅगेत अनारशाचं पीठ, भाजणी, दोन किलो गोडा मसाला असा सगळा सरंजाम होता. मटणाचा मसाला मात्र नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कोणासाठी करायचं? मी आपली वरणभात खाते."

आमच्याकडे खिम्याच्या गोळ्यांचं कालवण हा बाबांचा पदार्थ. म्हणजे करायच्या आई, पण रविवारी सकाळी खिमा आणण्यापासून ताटातला शेवटचा गोळा कोणाला जाणार इथपर्यंतची सगळी सूत्रं बाबांकडे. ते गेल्यापासून आईंनी तो केला नव्हता. आम्हीही कधी मागितला नाही.

दुसरीकडे आमची सात वर्षांची लेक. ती शाळेत दुपारी गरम जेवते आणि संध्याकाळी तिला इथल्या इतर मुलांसारखं आबेंडब्रोट हवं असतं, म्हणजे पाव, चीज, काकडीचे काप, संपलं. जर्मन घरांत पूर्वीपासून मुख्य गरम जेवण दुपारचं आणि रात्री थंड पावावर भागवायचं, ही रीतच आहे. नवरा ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवलेला असतो. एश्बॉर्न गावही तसंच. लोकवस्ती जेमतेम वीस-बावीस हजार. पण डॉइच बोर्सपासून कितीतरी कचेऱ्या इथे असल्यामुळे सकाळी एस-बान माणसं ओतते आणि संध्याकाळी परत भरून नेते. दुपारी सगळे कुठे ना कुठे जेवतात, रात्री घरी फक्त फ्रिज उघडतात. आईंना हे पाहून पहिल्या आठवड्यातच धक्का बसला. "रात्रीच्याला चूल पेटतच नाही का गं तुमच्याकडे?" त्यांचा वरणभात त्या सात वाजता एकट्याच बसून खायच्या आणि नात समोर पावावर लोणी लावत असायची. आजी-नातीचं प्रेम होतं, पण ताटात समान असं काही नव्हतं. तिला आजीची आमटी तिखट लागायची, आजीला तिचं चीज वासट.

मग एका शुक्रवारी लेकीने फर्मान काढलं: रविवारी रात्री क्लोप्से हवेत, बटाट्याच्या प्युरेबरोबर, आणि सगळ्यांनी खायचे. शाळेत मिळतात ते म्हणे खूप छान असतात. क्लोप्से म्हणजे खिम्याचे गोळे, पांढऱ्या आंबटसर रश्शात सोडलेले. मी अकरा वर्षं इथे राहून एकदाही केले नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं. त्यांची आई क्योनिग्सबर्गची, आणि या पदार्थाचं पूर्ण नावच क्योनिग्सबेर्गर क्लोप्से. त्यांनी उभ्या-उभ्या सांगितलेली रीत अशी: वासराचा खिमा, दुधात भिजवून पिळलेला शिळा पाव, बारीक कांदा, अंडं, मीठ, मिरी आणि खारवलेल्या बारक्या माशांची, म्हणजे सार्डेलेनची, थोडी चटणी. गोळे मटणाच्या पाण्यात शिजवायचे. मग लोणी आणि मैदा परतून, त्यात तेच पाणी घालून रस्सा करायचा, वर साय, लिंबू आणि केपर्स. वासराचं आमच्याकडे चालत नाही हे सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, मग मेंढीचा घे, माझ्या आईला कळणार नाही.

शनिवारी ह्योक्स्टच्या तुर्की खाटकाकडून ८०० ग्रॅम मेंढीचा खिमा आणला. चुकलंच. खिमा ज्या दिवशी दळला त्याच दिवशी वापरावा असं इथे दुकानदार बजावून सांगतात, कारण दळल्यावर मांसाचा हवेशी संबंध फार वाढतो. मी तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी वास घेऊन स्वतःची समजूत घातली आणि संध्याकाळी कामाला लागले.

पहिले सहा गोळे फुटले. पाणी खदखदत होतं, मी घाईत होते. गोळे आत पडले, दोन मिनिटं शहाण्यासारखे राहिले आणि मग एकेक करून त्यांचा चुरा झाला. पातेल्यावर करडा फेस आला. लेक स्टुलावर उभी राहून बघत होती. "शाळेत असं नसतं," ती म्हणाली.

आई बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मराठी मालिका लावून बसल्या होत्या. त्या आल्या, पातेल्यात पाहिलं, आणि काही न बोलता आधी गॅसचं, म्हणजे आमच्या विजेच्या शेगडीचं, बटण शोधायला लागल्या. मंद केलं. मग म्हणाल्या, "उकळी फुटली की गोळे फुटले. इतकी वर्षं करतेय मी."

त्यांनी उरलेला खिमा परातीत घेतला. मी नुसता कालवला होता. त्यांनी मीठ घालून तो कणकेसारखा मळला, चांगली पाच-सात मिनिटं. मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि तीच गोळा धरून ठेवतात. आईंना प्रथिनांशी देणंघेणं नाही, त्या फक्त म्हणाल्या, "हाताला चिकटायला लागला की झाला." पाव त्यांनी आणखी घट्ट पिळला. कल्याणला त्या पावाऐवजी डाळव्याचं पीठ घालतात, काम तेच: मांसातून सुटणारं पाणी धरून ठेवायचं, म्हणजे गोळा दगड होत नाही. हाताला पाणी लावून लिंबाएवढे गोळे वळले आणि पाणी नुसतं थरथरत असताना, बुडबुडा वर यायच्या आत, कडेने सोडले. झाकण नाही, डाव फिरवणं नाही. उसळत्या पाण्यात गोळे एकमेकांवर आपटतात आणि बाहेरून पटकन आवळून आतला रस पिळून टाकतात. जर्मन पाककृतीत यासाठी 'त्सीएन लासन' असा शब्द आहे, गरम पाण्यात नुसतं मुरत ठेवायचं. पंधरा मिनिटांत चौदा गोळे अखंड वर आले.

खरं तर हे गोळ्यांचं शास्त्र आपल्याकडे घरोघर आहे. हरभऱ्याच्या डाळीच्या गोळ्यांची आमटी, खानदेशातले डुबुकवडे, विदर्भातला गोळाभात. सगळीकडे सुगरणीची परीक्षा एकच, गोळा फुटता कामा नये आणि बसता कामा नये. आईंना क्योनिग्सबर्ग माहीत नव्हतं, पण त्यातलं अर्धं आधीच येत होतं.

निम्मे गोळे त्यांनी परस्पर बाजूला काढले. मी काही विचारलं नाही. कपाटातून माझा सुक्या खोबऱ्याचा डबा शोधला, कांदा उभा चिरून तेलावर काळपट होईपर्यंत भाजला, खोबरं, आलं, लसूण, आणि मटणाच्या मसाल्याची सोय नव्हती म्हणून माझ्याकडची लवंग, मिरी, दालचिनी, धणे तव्यावर फिरवून घेतले. धुराने अलार्म वाजला. नवरा टॉवेल घेऊन धावला, खिडक्या उघडल्या. तो वास खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, कारण दहा मिनिटांत क्योनिग्सबर्गवाल्या आजी केपर्सची बाटली घेऊन दारात. माझ्याकडे नसतील म्हणून आणली म्हणाल्या.

त्यांना बसवून घेतलं. आईंनी एक केपर चाखला आणि तोंड वेडंवाकडं केलं. केपर म्हणजे एका झुडपाची न उमललेली कळी, मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेली. राजस्थानी केर-सांगरीतलं केर त्याच कुळातलं, हे सांगितल्यावर जरा आदर वाढला. मी दुभाषी झाले. त्या आजी सांगत होत्या की १९४५ च्या एप्रिलमध्ये शहर रशियन फौजांच्या हाती गेलं, १९४६ मध्ये त्याचं नाव कालिनिनग्राड झालं, जर्मन माणसं तिथून काढली गेली आणि त्यांच्या आईने पुन्हा ते गाव पाहिलं नाही. तो भाग आजही रशियाचा आहे, पोलंड आणि लिथुआनियाच्या मध्ये. पूर्व जर्मनीत तर रशियाला राग नको म्हणून या पदार्थाला नुसतं 'कोखक्लोप्से', उकडलेले गोळे, असं म्हणायचे.

आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कराची हलवा."

मला हे जर्मनमध्ये सांगताना नाकीनऊ आले. आमच्या कल्याणशेजारचं उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीत वसवलेलं गाव. कराची गेली, पण मुंबईच्या मिठाईच्या डब्यावर नाव राहिलं. खालच्या आजींनी 'कराची हलवा' हे शब्द दोनदा म्हणून पाहिले. मग विचारलं, गोड असतो का?

प्युरे माझ्याकडे होती. बटाट्याच्या पिशवीवर 'मेलिश-कोखेंड' लिहिलेलं घ्यायचं, हे शिजून भुसभुशीत होतात; 'फेस्ट-कोखेंड' कापांना आणि सॅलडला. एक किलो बटाटे उकडून, गरम असतानाच पावभाजीच्या मॅशरने चिरडले, वर ६० ग्रॅम लोणी आणि पाव लिटर कढत दूध. मिक्सरमध्ये अजिबात नाही; पाती फिरली की स्टार्च मोकळा सुटतो आणि पोस्टरं चिकटवायची खळ तयार होते. हे मी पूर्वी करून बसलेय. शेवटी जायफळ किसायला घेतलं तर आई ओरडल्याच, "अगं, ते श्रीखंडाचं!" बटाट्यात जायफळ हा त्यांना सगळ्या संध्याकाळीतला मोठा अधर्म वाटला, मेंढीच्या खिम्यात मासे घालण्याहूनही मोठा. त्यांना शांत करायला मी प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची गोष्ट सांगितली, ज्याने १७५६ मध्ये बटाटे लावायचा हुकूम काढला आणि ज्याच्या पोट्सडॅममधल्या थडग्यावर लोक आजही बटाटे ठेवतात. "समाधीवर बटाटे?" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच महिन्यांनी त्यांना तशा हसताना पाहिलं.

जेवायला साडेआठ वाजले. टेबलावर दोन पातेली, एक पांढरं, एक तपकिरी, आणि मधे बटाट्याचा डोंगर. लेकीने क्लोप्से घेतले, केपर्स वेचून ताटाच्या कडेला लावले. मग आजीच्या पातेल्यातला एक गोळा मागितला, तो प्युरेत दाबला आणि म्हणाली, असा तिखट लागत नाही. खालच्या आजींनी तपकिरी रस्सा तीनदा घेतला, तोंडाला घाम. नवरा गप्प होता. त्याने बाबांसारखाच पहिला गोळा अर्धा करून आत शिजलाय का ते पाहिलं आणि मग मान खाली घालून जेवत राहिला. आईंनी त्याला वाढलं, मला वाढलं आणि शेवटी स्वतःच्या प्युरेवर एक गोळा घेतला.

त्यानंतर व्हिसा संपेपर्यंत रविवारी रात्री आमच्याकडे चूल पेटत राहिली. जाण्याआधी त्यांनी कालवणाचं प्रमाण एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. मीठ, खोबरं, तेल, सगळं कल्याणच्या घरातल्या पितळी वाटीच्या मापाने. ती वाटी कल्याणला आहे. यंदा येताना घेऊन या म्हटलंय.