फोन, पत्र, प्रश्न

सकाळचे साडेनऊ. लोणी देवकरच्या फाट्यावर एसटी थांबते, दार आपटतं आणि गाडी इंदापूरच्या दिशेनं निघून जाते. मागं उरतो महामार्गाचा आवाज. सोलापूरकडं निघालेले ट्रक, टँकर, उसाची एखादी रिकामी ट्रॉली. एमआयडीसीच्या शेडांचे पत्रे आत्ताच डोळ्यांवर येतायत. एप्रिलचं ऊन आहे. पावलं आपोआप सावली धरून गावाकडं वळतात.

पुढं एक आजोबा चाललेत. धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरमधला सात-बारा डोकावतोय. "आमदार येणारेत दहाला," ते न विचारताच सांगतात. "दहा म्हंजे अकरा धरायचं." मी त्यांच्या चालीनं चालू लागतो.

आमदारांचा आठवड्यातला एक दिवस असा गावांसाठी राखलेला असतो. आज इथं, पुढच्या खेपेला दुसरीकडं. निरोप रात्रीच व्हॉट्सअॅपवर फिरतो: ठिकाण, वेळ आणि शेवटी 'कागदपत्रांसह यावे'. एवढ्यानं गाव कामाला लागतं. झेरॉक्सच्या दुकानापुढं आठ-दहा माणसं उभी आहेत. यंत्र तापलंय. दुकानदार त्याचं झाकण उघडून ठेवतो, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालतो, पुन्हा सुरू करतो. बाहेर येणारं पान हाताला गरम लागतं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सात-बारा, आठ-अ. एका बाईच्या रेशनकार्डाच्या घड्या इतक्या झिजल्यात की काचेवर ठेवताना त्याचे चार तुकडे जुळवावे लागतात.

मांडव चौकात आहे. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, लोखंडी खांब, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पुढच्या ओळी मोकळ्या, लोक मागून बसत आलेत. बायका डाव्या अंगाला, भिंतीच्या सावलीत जमिनीवरच टेकलेल्या. स्टुलावर पाण्याचा जार. कुलर आणून ठेवलाय, पण लाइट गेलीय.

कडेच्या ओट्यावर एक पोरगा अर्ज लिहून देतोय. मांडीवर पॅड, कानावर पेन, समोर रांग.

"तात्या, विषय काय लिहू?"

"लिही की, पाण्याचा."

"पाण्याचा म्हणजे पिण्याच्या, का शेतीच्या?"

तात्या विचार करतात. "दोन्ही लिही."

पोरगा हसत नाही. दोन वेगळे अर्ज करावे लागतील, खाती वेगळी आहेत, असं समजावून सांगतो आणि दुसरा कागद घेतो. तो इतक्या सवयीनं 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहितो की मला त्याच्याकडं बघत राहावंसं वाटतं. माणसाचं दुखणं आणि सरकारी भाषा यांच्यामधला पहिला दुभाषा हा आहे.

अकरा वाजतात. सावली भिंतीकडं सरकते, बायकाही तिच्याबरोबर सरकतात. कुणी पदरानं वारा घेतंय. एका पोराला झोप लागलीय. आजोबांनी पिशवी मांडीवर घेतलीय, तिच्यावर दोन्ही हात ठेवलेत. सव्वाअकराला चौकाच्या तोंडाशी गाड्यांचा आवाज येतो आणि सगळा मांडव एकदम उभा राहतो.

हार-नारळ पटकन आटपतं. भाषण होत नाही, हे मला बरं वाटतं. आमदार टेबलामागं बसतात. उजव्या हाताला स्वीय सहायक. लोक त्याला पीएच म्हणतात. टेबलापुढं तालुक्याच्या कचेऱ्यांतून आलेले पाच-सहा जण, हातात डायऱ्या. मी पीएच्या मागं, खांबाला टेकून उभा राहतो. इथून त्याचं लाल पेन दिसतं. आमदार कागद वाचतात, दोन प्रश्न विचारतात, काहीतरी पुटपुटतात. तो कागद घेतो आणि डाव्या कोपऱ्यात एक शब्द लिहितो. फोन. पत्र. नाहीतर प्रश्न.

पहिले सगळे फोनवाले.

"साहेब, डीपी जळून बारा दिवस झालं. डाळिंब वाळाय लागलंय."

"किती जणांच्या मोटारी त्यावर?"

"अठरा."

फोन लागतो. पलीकडच्याला शब्द मोजून सांगितले जातात: डीपी कुठला, कधी जळाला, कधी बसणार. तारीख घेतली जाते, अर्जावर लिहिली जाते. शेतकरी ती तारीख दोनदा वाचतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीजबिल माफ आहे, पण डीपी जळल्यावर माफ बिलाचा काय उपयोग, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे.

मग पाणंद. आजोबांचा नंबर. ते उभे राहतात, टोपी नीट करतात. वाडवडलांपासूनची वाट शेजाऱ्यानं नांगरलीय. ऊस बाहेर काढायचा कुठून? आमदार विचारतात, "वाट आधी होती, का नवी मागताय?" प्रश्न साधा वाटतो, पण सगळं त्याच्यावर आहे. वहिवाटीची वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडं दावा जातो. नवी वाट हवी असेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143, म्हणजे बांधावरून रस्ता. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला तर वर्ष वाया. महसूलचा कर्मचारी डायरी उघडतो, स्थळपाहणीची तारीख देतो. कोपऱ्यात 'पत्र'. आजोबा सात-बारा पुन्हा कव्हरमध्ये सरकवतात. ते लगेच जात नाहीत, मागच्या खुर्चीवर जाऊन बसतात. इतरांचं ऐकायचं असतं.

लाइट येते. कुलर घरघरतो, पुढच्या दोन ओळींना ओला वारा लागतो. बायकांपर्यंत तो पोचत नाही. आमदार कुणाला तरी खूण करतात, कुलर डावीकडं वळवला जातो.

आता उजनीकाठची माणसं. त्यांचे चेहरे जास्त रापलेले आहेत. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं आणि या तालुक्यातली काठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी हटलं की अजून वर येतं. धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा. म्हणून 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य इथं पोरंसोरंही बोलतात.

"पाणी मागं गेलं, साहेब. हजार फूट केबल वाढवली, पाइप वाढवलं. आता लाइटीचं तास कमी केलं तर करायचं काय?"

दुसरा पुढं सरतो. "आन् रातीत केबल चोरीला जाती."

तिसरा काहीच बोलत नाही, हात पुढं करतो. तळहाताला गाळात पाइप ओढून पडलेले घट्टे आहेत. पाणी कमी झालं की काठच्या पंपांची वीज कमी करायची, हा टंचाईतला ठरलेला उपाय. खालच्या अंगाला सोलापूर आहे, तिथंही प्यायला पाणी लागतं. आमदार ते त्यांना सांगतात, लपवत नाहीत. तालुक्याच्या एका अंगाला खडकवासल्याचा कालवा, दुसऱ्या अंगाला नीरा डावा. दोन्हीच्या शेपटाला इंदापूर. वरच्यांची शेतं भिजली की उरेल ते पाणी इथं येतं. आवर्तन किती दिवसांचं, शेपटापर्यंत किती दाबानं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि तिथं आकडे घेऊनच बसावं लागतं. पीए कोपऱ्यात आधी 'पत्र' लिहितो, मग त्याच्याखाली 'प्रश्न'.

त्यांच्यातच कळाशीकडचा एक माणूस आहे. पूल कधी होणार, एवढंच विचारतो. पलीकडं करमाळा तालुका, मधे उजनीचं पाणी. 21 मे 2024 ला कळाशी-कुगावच्या दरम्यान वादळात बोट उलटली, सहा जण गेले. मांडवात क्षणभर फक्त कुलर ऐकू येतो. आमदार कामाची सद्यस्थिती विचारून घ्यायला सांगतात आणि तो कागद गठ्ठ्यात न ठेवता स्वतःच्या खिशात घालतात.

मी मांडवाबाहेर येतो. उन्हात उभी राहिलेली पोरं इथं आहेत, वीस-बावीसची, आयटीआय झालेली. आत जाऊन बसायला संकोचतात. एमआयडीसी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोज सकाळी पाळीच्या बस त्यांच्यासमोरून जातात. उद्योगांत पर्यवेक्षकी जागांवर किमान 50 टक्के आणि बाकीच्या जागांवर किमान 80 टक्के माणसं स्थानिक असावीत, असं राज्याचं धोरण आहे. "स्थानिक म्हणजे राज्यातलं," एक जण सांगतो. "गावातलं न्हाई." त्यानं शासन निर्णय मोबाइलवर उतरवून घेतलाय, अंगठ्यानं ओळ दाखवतो. ठेकेदारामार्फत भरती होते, तिची नोंद कुठं बघायची, हा त्याचा प्रश्न. नीट नेमका प्रश्न. मी त्याला म्हणतो, हेच असंच आत जाऊन सांग. तो जातो.

परत येईस्तोवर उसाच्या बिलाचा विषय निघालाय. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. पंधराव्या दिवसापासून व्याज. सगळ्यांना हे पाठ आहे. फोन, पत्र, पुढचा.

सिमेंट रस्ता, सभामंडप, व्यायामशाळेचं साहित्य. हे अर्ज सगळ्यांत जाड आणि रंगीत लेटरहेडवर. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी. तालुक्यात शंभरावर गावं, मतदार तीन लाखांवर. गावागणिक पाच लाखही येत नाहीत. आमदार हा हिशेब लेटरहेडवाल्यांपुढं तोंडी मांडतात, चिडत नाहीत. त्यांच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजलीय.

दीड वाजून गेलाय. बायकांच्या बाजूनं एक मावशी उठते. कॅरीबॅगेतून तेच चार तुकड्यांचं रेशनकार्ड. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. संजय गांधी निराधारचा अर्ज नामंजूर झालाय.

"का नामंजूर केला, मावशी?"

"उत्पन्न जास्ती हाय म्हणत्यात."

"किती लागलंय?"

तिला माहीत नाही. कागदावर आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 27,000. मर्यादा 21,000. आमदार महसूलच्या माणसाकडं बघतात. तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचतो, हळू आवाजात म्हणतो, "नियमानं बरोबर आहे, साहेब."

पीएचं पेन थांबलंय. मी मनातल्या मनात हिशेब करतो. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. 68 दिवस काम केलं की 21,000 ओलांडले. उरलेले 297 दिवस ती बाई सरकारच्या लेखी निराधार राहत नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असतं तर गोष्ट वेगळी, पण यादी जुनी आहे. महिन्याला 1,500 रुपयांचं हे अनुदान. इथं फोन करायचा कुणाला? ज्याला करायचा तो समोर बसलाय आणि बरोबर बोलतोय. आकडाच चुकीचा आहे, आणि तो मुंबईत ठरतो.

सकाळपासून मी ज्याची वाट बघत होतो ते हेच असावं. डीपीचा फोन कुणीही वजनदार माणूस करू शकतो. हा आकडा हलवायला मात्र सभागृहच लागतं. 288 जणांतल्या एकाला उभं राहून विचारावं लागतं, आणि त्यासाठीच त्याला निवडून दिलेलं असतं.

आमदार विचारतात, "आणखी कुणाचा असाच नामंजूर झालाय?" भिंतीच्या सावलीत हात वर होतात. एक, तीन, सात. पीए उठून तिकडं जातो, खाली उकिडवा बसतो आणि एकेकीचा कागद बघून आकडे लिहून घेतो. 24,000. 30,000. 22,500. टेबलावरचं काम तेवढा वेळ थांबतं. कुणी घाई करत नाही.

परत येताना तो मला थोडक्यात सांगतो. सोमवारी तालुक्यात आढावा, मग दोन-तीन दिवस मुंबई, मंत्रालय. अधिवेशनाच्या आधी तारांकित प्रश्न पाठवायचे. प्रश्नोत्तराचा तास एकच, प्रश्न ढीगभर. तोंडी चर्चेला आला तर उपप्रश्न विचारता येतो, नाही तर लेखी उत्तर पटलावर. ते नाही जमलं तर लक्षवेधी, तेही नाही तर अर्थसंकल्पाच्या चर्चेत दोन मिनिटं. "नुसतं 'मर्यादा वाढवा' म्हणून चालत नाही," तो म्हणतो. "अशी उदाहरणं लागतात. आकड्यासकट." त्याच्या डायरीचं ते पान घामानं ओलं झालंय, शाई थोडी फुटलीय.

अडीच. गाड्या पुढच्या गावाला निघतात. धूळ खाली बसते. मांडववाला खुर्च्या एकात एक घालू लागतो. आजोबा शेवटच्या खुर्चीवरून उठतात, मला रामराम घालतात.

फाट्यावर एसटीची वाट बघत ती मावशी उभी आहे. शेजारी सकाळचा अर्ज लिहिणारा पोरगा, तोही इंदापूरलाच निघालेला. ती तिच्याजवळची प्रत त्याच्यापुढं धरते. कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर बोट ठेवते.

"ह्ये काय लिवलंय?"

"प्रश्न," तो वाचतो.

"म्हंजे झालं का न्हाई?"

"अजून नाही. विधानसभेत विचारणारेत."

"कधी?"

तो पावसाळी अधिवेशन बोटांवर मोजतो. एप्रिल, मे, जून. मावशी त्याच्या बोटांकडं बघते. मग कागदाची घडी घालते, रेशनकार्डाच्या तुकड्यांमधे ठेवते, कॅरीबॅगेला गाठ मारते. लांबून एसटी दिसते. दोघंही हात वर करतात.