आकृती गोल, पण भार कसा?

कातारी लेथवर जे जे कातून काढतो, ते सारे एका सपाट छेदाचेच अपत्य असते. तो छेद अक्षाभोवती एक फेरा फिरला की कधी दांडा, कधी कप्पी, तर कधी बाष्पपात्राचे टोपण सिद्ध होते. अशा भ्रमणघनावर दाब पडला असता त्याच्या अंगोपांगी किती प्रतिबल उत्पन्न होईल, याचा हिशेब मांडण्यासाठी अभियंते ज्या सांत घटक पद्धतीचा आश्रय घेतात, तिचे नामकरण रे क्लफ यांनी १९६० साली केले. आणि पुढे १९६५ साली क्लफ व रशीद यांनी, तसेच विल्सन यांनी, अक्षसममित घनांसाठी तिची खास रीत मांडली. वस्तूचे लहान लहान घटक पाडावयाचे, प्रत्येक घटकापुरता विस्थापनाचा एक साधा नियम मानावयाचा आणि त्या सर्वांची समीकरणे एकत्र सोडवावयाची, हे या पद्धतीचे सार. खरा मामला आहे तो हे घटकांचे जाळे कसे विणावे, याचा.

उदाहरणादाखल ५०० मिलिमीटर त्रिज्येची, १० मिलिमीटर जाड भिंतीची एक उभी टाकी घेऊ, आणि तिच्या आत दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन इतका वायूचा दाब आहे असे मानू. येथे आकृती जशी अक्षाभोवती सममित, तसाच भारही. म्हणून केवळ छेदाचे जाळे विणले तरी काम भागते. प्रत्येक नोडला, म्हणजे घटक जेथे एकमेकांस जोडले जातात त्या बिंदूला, त्रिज्येच्या व अक्षाच्या दिशेने अशी दोनच विस्थापने असतात, आणि त्रिज्येच्या दिशेचे विस्थापन भागिले त्रिज्या, एवढ्या भागाकारात कड्याच्या दिशेची विकृती हाती येते. छेदात ४०० चौकोन पुरत असतील, तर तोच छेद फिरवून परिघाचे ७२ भाग केल्यास २८,८०० षट्फलक हिशेबात घ्यावे लागतात, आणि एवढा खर्च करून उत्तरात नवी भर काहीच पडत नाही.

शिवाय फिरवलेल्या जाळ्याचे स्वतःचे दोष असतात. परिघाचे ३६ भाग केले आणि घटकांच्या कडा सरळ ठेवल्या, तर प्रत्येक कडेचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारे १.९ मिलिमीटर, म्हणजे भिंतीच्या जाडीच्या जवळजवळ पंचमांश, आत सरकतो. आतील दाबाने वर्तुळाकार भिंत प्रामुख्याने ताणली जाते. बहुभुजाची सपाट बाजू मात्र बाहेर फुगू पाहते, आणि वस्तूत नसलेले वाकण हिशेबात शिरते. कडांच्या मध्यावर जादा नोड देऊन त्या वक्र केल्या, की हा दोष बहुतांशी जातो. टोपण जेथे अक्षाला भिडते, तेथे षट्फलकांच्या अरुंद पाचरी होतात. ७२ भागांत त्यांचे टोक अवघे ५ अंशांचे उरते. म्हणून जाणकार तेथे मधोमध चौकोनी गाभा ठेवून त्याभोवती वलये रचतात.

तिसरा मार्ग चतुष्फलकांचा. संगणक ते कोणत्याही वेड्यावाकड्या आकारात आपोआप भरतो, हा त्यांचा मोठा गुण; परंतु चार नोडांच्या चतुष्फलकात विकृती सर्वत्र एकसारखी धरली जात असल्याने वाकणारी भिंत आहे त्याहून ताठ भासते, सबब तेथे दहा नोडांचेच चतुष्फलक घ्यावेत.

मग पूर्ण त्रिमित जाळ्याची दरखास्त मंजूर करावी केव्हा? टाकी आडवी करून खोगिरांवर ठेवली, तिच्या कुशीत नळी बसवली, किंवा एका बाजूने वारा आला, की आकृती वा भार यांपैकी एकाची सममिती भंगते. बाहेरून दाब आल्यास तर आकृती व भार दोन्ही सममित असूनही पातळ भिंत परिघावर लाटा पडून कोसळू शकते, आणि केवळ छेदाच्या साध्या जाळ्याला ती लाट दिसतच नाही. तात्पर्य, जाळ्याची निवड आकृतीचा गोलवा पाहून करू नये. भार कसा आहे आणि वस्तू कोणकोणत्या रीतीने विरूप होऊ शकते, हे आधी विचारावे.

आणि जाळे कोणतेही निवडले, तरी कागदावरचा पडताळा चुकवू नये. आपल्या टाकीत दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी केल्यास कड्याच्या दिशेचे प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन येते. टोपणापासून दूरच्या भिंतीत संगणकाचा आकडा याच्या आसपास नसेल, तर पुढील रंगीत चित्रे पाहण्यापूर्वी जाळे, आधार आणि भार यांची तपासणी पुन्हा करावी.